मालकाच्या चहातली खडीसाखर

आमच्या कारखान्यात कोणाचं काही बिनसलं की मालकाच्या चहातली साखर कमी व्हायची. इतकं साधं होतं सगळं. पण बाहेरच्या माणसाला हे सांगायला जावं तर तो आपल्याकडे असा बघतो, की आपणच सकाळी सकाळी काहीतरी पिऊन आलोय.

मी पार्तिनी. विणून झालेल्या टोपल्यांची वर आलेली टोकं कात्रीनं छाटायची, हे माझं काम. माझी जागा स्वयंपाकघराच्या खिडकीला लागून. हात कामात आणि कान मोकळे. त्यामुळे वागियेम मावशीबद्दल मी जे सांगते ते बरंचसं ऐकलेलं आहे, थोडं तिनं सांगितलेलं आहे आणि जे तिनं सांगितलं नाही ते मी ताडलेलं आहे. मावशी म्हणते माझे अंदाज चुकतात. तिचं काय घेऊन बसलात.

मावशी बुटकी, आडव्या अंगाची. अंगातल्या कबायाला बटणांच्या जागी सेफ्टी पिना. नवरा रबराच्या मळ्यात कामाला म्हणून सुमात्राला गेला आणि परत यायचं विसरला. तान्ह्या लेकाला, तुकिजोला, कडेवर घेऊन ती आमच्याकडे विणायला आली तेव्हा मालकीणबाई हयात होत्या. विणकाम मात्र भयंकर. सुकलेल्या जलपर्णीचे देठ हातात दिले की आम्ही बाकीच्या बायका गप्पा मारता मारता टोपली उभी करायचो. मावशीची टोपली कधी सरळ बसली नाही. शुक्रवारच्या प्रवचनात पेंगणाऱ्या माणसासारखी ती एका बाजूला कलायची.

आता हे तिला सांगायचं कोणी? आमचे मालक कुंचोरो बरेच दिवस त्या टोपल्या मुकाट्यानं घरी नेत राहिले. त्यांच्या प्रत्येक कोंबडीला स्वतंत्र खुराडं मिळालं. मग एके दिवशी ते मावशीसमोर उभे राहिले आणि छताकडे बघत म्हणाले, "मावशी, या जागेत धड चहा कोणाला करता येत नाही बघा."

मावशीनं मांडीवरचे तुकडे झटकले, उठली, स्वयंपाकघरात गेली आणि तिथलीच झाली. कामावरून कोणी काढलं नाही, कोणाचा अपमान झाला नाही आणि कोंबड्यांचीही सोय झाली. आमच्याकडे महत्त्वाचं बोलणं असंच होतं. एखाद्याला तोंडावर 'नाही' म्हणायचं म्हणजे आम्हाला भर बाजारात सारोंग सुटल्यासारखं होतं. माझी जीभ एवढी चुरुचुरु चालते, पण ती बरोबरीच्या लोकांत. मालकांसमोर गेले की माझ्याही तोंडातून 'हो, हो, छान आहे' यापलीकडे काही निघत नाही.

तर चहा. सगळ्यांना एका मोठ्या किटलीतून मिळायचा. मोगऱ्याच्या वासाचा, कडकडीत, दाट आणि गोड. मालकांचा पेला वेगळा. काचेचा, वर झाकण, तळाशी खडीसाखरेचे दोन खडे. दुपारी आम्ही कसाव्याच्या पिठाचे गेब्लेक तळून खायला स्वयंपाकघरात जमायचो आणि तिथे कोणीतरी कोणालाच उद्देशून न बोलता बोलायचं. "पाठ धरते बाई हल्ली." "संडासात उंदीर आहे म्हणतात." मावशी कोणाची बाजू घ्यायची नाही. कढईकडे बघत नुसतं 'हं' म्हणायची. निकाल दुसऱ्या दिवशी सकाळी.

एकच खडा टाकला तर समजायचं कुरकुर आहे. खडाच नसला तर लोक खरोखर नाराज. आणि खडा नाही, चहा कोमट आणि वर झाकणही नाही, तर देवच वाचवो. तसा चहा माझ्या आठवणीत एकदाच गेला. त्या दिवशी मालकांनी जेवण न करता ईदचे थकलेले पैसे वाटले.

मालकांची गंमत अशी, की काय बिघडलंय ते त्यांना कळायचं नाही. काहीतरी बिघडलंय एवढंच कळायचं. कोणाला विचारायची सोय नव्हती, कारण विचारलं की आम्ही 'छान आहे' म्हणणार. मग ते चहाचा घोट घेऊन झाकण हळूच ठेवायचे, चपला पायात सरकवायचे आणि कारखानाभर हिंडायचे. इथे वाकून बघ, तिथे हात लावून बघ. अंदाजानं काहीतरी दुरुस्त करायचे आणि दुसऱ्या दिवशी भीत भीत घोट घ्यायचे.

एकदा चहा लागोपाठ कडूच यायला लागला. मालकांनी संडासाला नवं दार बसवलं. चहा कडू. विणायच्या ओसरीवर पंखे आणले. कडू. आम्हा बायकांना बसायला गाद्या शिवून घेतल्या. कडूच. मालकांचं वजन उतरलं. शेवटी कोणाच्या तरी बोलण्यात आलं, की आमच्यातल्या सार्मीचा सासरा गेला त्याच्या सातव्या दिवसाच्या प्रार्थनेला मालक आले नव्हते. बिचारे तसेच उठून सार्मीच्या घरी गेले, चटईवर बसले, वाढलेला भात खाल्ला, सासऱ्याचे गुण ऐकले. त्या माणसात गुण नव्हतेच, त्यामुळे ते लवकर संपले. दुसऱ्या दिवशी पेल्यात दोन खडे. पण दार, पंखे आणि गाद्या राहिल्या ना आमच्याकडे! असं चुकत चुकत आमच्या मालकांनी सेंतोलोच्या पंचक्रोशीतला सगळ्यात चांगला कारखाना उभा केला.

मावशी साधीभोळी होती असं मात्र कोणी समजू नका. मधूनच एखादा कडू चहा तिचा स्वतःचाही असायचा. तिला गॅसची शेगडी हवी होती तेव्हा आमच्यापैकी कोणाचीही काही तक्रार नव्हती, तरी मालक पाच-सहा दिवस हिंडत होते. मी खिडकीतून म्हटलं, "मावशी, हे पाप आहे."

"पाप कसलं? त्या हिंडण्यात त्यांनी पिण्याच्या पाण्याची टाकी धुवून घेतली. तुझ्या पोटात काय ते जंतूच जात होते."

"मग शेगडी?"

"ती पण येईल. आधी टाकी होऊ दे."

शेगडी आली.

मग डेन्मार्कचा खरेदीदार आला आणि त्याच्याबरोबर जकार्ताहून मालकांची मुलगी वेनिंग परत आली. पोरगी गुणी. लहानपणी मावशीच्या चुलीपाशी राख खात वाढलेली. आता हातात कायम एक फाइल. तिनं आम्हाला सांगितलं, "आता माल परदेशी जाणार. तिथले लोक टोपली बघतातच, पण टोपली विणणारी बाई कशी आहे तेही बघतात."

सार्मी केसांवरून हात फिरवत म्हणाली, "फोटो काढणार का?"

"तसं नाही. तुम्ही सुखी आहात का, कोणी जबरदस्ती करतं का, तक्रार करायची सोय आहे का, ते बघतात. तपासायला बाई येणार आहे."

वेनिंगनं बाहेर जायच्या वाटेवर हिरवे बाण लावले, आग विझवायची नळकांडी टांगली, औषधांचा डबा आणला. हातमोजे आणले, ते आम्ही घालून पाहिले आणि भात झाकायला घरी नेले. आणि मधल्या खांबावर तिनं एक तक्रारपेटी लावली. पत्र्याची, कुलपाची. "नाव लिहू नका," ती म्हणाली, "मनातलं बिनधास्त टाका."

बिनधास्त! त्या पेटीच्या आसपास कोणी फिरकेना. चुकून जवळ उभं दिसलं तर लोकांना वाटायचं हिची काहीतरी तक्रार आहे. सगळा कारखाना त्या खांबाला वळसा घालून जायला लागला. महिन्याअखेरीस वेनिंगनं कुलूप उघडलं तर आत एक लग्नपत्रिका निघाली. मालकांच्या हाती नक्की पडावी म्हणून रंगकाम करणाऱ्या पोरीनं टाकली होती.

आणि नेमकी त्याच सुमारास मालकांना शुगर निघाली.

निघणारच. इतकी वर्षं आम्ही सुखी होतो याचा पुरावाच होता तो. डॉक्टरांनी साखर बंद केली, वेनिंगनं येऊन मावशीला बजावलं, "बाबांच्या चहात एक कणही नको." मावशीनं पहिल्या दिवशी बिनसाखरेचा पेला ठेवला. मालकांना कारण ठाऊक होतं, तरी घोट घेतल्याबरोबर त्यांचे पाय चपलांत गेले. दिवसभर ते कारखाना पालथा घालत होते आणि आम्ही तोंडात फडकी कोंबून हसत होतो. चार दिवसांनी त्यांना सवय झाली. कडू चहा पिऊन ते जागेवरच बसून राहायला लागले. तेव्हा आमचं हसू थांबलं. मालकांचे कानच गेले होते आणि हे आमच्या लक्षात यायला तसा उशीर झाला.

कारण तोवर तुकिजोचा खोकला सुरू झाला होता.

डेन्मार्कला आधी पाठवलेल्या मालातल्या काही टोपल्यांवर बुरशीचे ठिपके निघाले होते. तिकडून निरोप आला, ठिपका दिसता कामा नये. पावसाळी हवेत जलपर्णी काही धड सुकत नाही, म्हणून मागच्या खोलीत गंधकाची धुरी देतात, ती वेनिंगनं दुप्पट केली. ती खोली तुकिजोकडे. मावशीचं एकुलतं एक पोर, उंच, हसरं, धुरीचा मुख्य झालो म्हणून छाती काढून चालणारं. वेनिंगनं त्याला मास्क दिला, तो त्यानं खिळ्याला टांगला. मास्क लावून लवंगी सिगारेट ओढता येत नाही, हे त्याचं कारण. पुढे ईदला त्यानं सिगारेट सोडली, पण मास्क खिळ्यालाच राहिला आणि खोकला वाढला. आईनं विचारलं की म्हणायचा, "काही नाही गं, हवा बदललीय."

मावशीनं आपल्या रीतीनं सांगायला घेतलं. पण सांगणार कसं? चहा तर रोजच कडू. तिनं कोमट चहा ठेवला. मालकांना वाटलं, डॉक्टरांनी गरमही बंद केलं. झाकण न घालता पेला ठेवला. मालक तालुक्याच्या बाजारातून नवं झाकण घेऊन आले, वर फूल काढलेलं, आणि म्हणाले, "मावशी, तुमचं झाकण फुटलं वाटतं." मग तिनं चिमूटभर मीठ टाकलं. मालकांनी पूर्ण पेला पिऊन वेनिंगला विचारलं, "हा नवा काढा का गं?"

मी खिडकीतून म्हटलं, "मावशी, आता तोंडानं सांग."

"तू सांग."

"माझा पोरगा आहे का तो?"

"मग गप्प छाट."

आणि एका सकाळी ती डोळे चमकवत म्हणाली, "पार्तिनी, उलटं करायचं. साखर टाकायची! बंदी असताना साखर आली तर त्यांना कळणार नाही का की काहीतरी गडबड आहे?" मलाही ते पटलं, हे खरं. तिनं पेल्यात दोन खडे टाकले. खिडकीतून आम्ही दोघी ऑफिसकडे डोळे लावून बसलो. मालकांनी घोट घेतला. थांबले. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. वेनिंग जवळपास नव्हती. मग त्यांनी डोळे मिटून तो चहा असा प्यायला, की माझ्याच जिभेला पाणी सुटलं. पेला परत द्यायला ते स्वतः आले आणि हळूच म्हणाले, "मावशी, या घरात माझी काळजी तुम्हा एकट्यांनाच आहे."

मावशीला वाटलं, इशारा कमी पडला. दुसऱ्या दिवशी तिनं तीन खडे टाकले, मग चार. मालक खुशीत. गाणी गुणगुणायला लागले. तुकिजो मागे खोकतोय आणि मालक पुढे गुणगुणतायत. शेवटी डॉक्टरांनी त्यांची शुगर बघून कपाळाला हात लावला आणि वेनिंगनं त्यांच्या कपाटांतून बिस्किटं शोधायची मोहीम काढली. ते ऐकून मावशीनं खडीसाखरेची बरणी उचलून माझ्या खिडकीत ठेवली. "अगं, मी माणूस मारत होते!" त्या दिवसापासून साखर बंद. आणि तिला आता सांगायला काहीच उरलं नाही. ती चूल पेटवायची, भांडी घासायची आणि मागच्या खोलीकडे कान लावून उभी राहायची. मला तिच्याकडे बघवायचं नाही. "झोपतो कसा?" मी एकदा विचारलं. "झोपत नाही," ती म्हणाली, "भिंतीला टेकून बसतो."

तपासायला येणारी बाई आली ती याच दिवसांत. बोदिल तिचं नाव. दारातून वाकून आत यावं लागेल एवढी उंच, पण आमची भाषा बातम्या देणाऱ्या बाईसारखी स्वच्छ. तिनं बाण बघितले, नळकांडी बघितली, संडासाचं दार उघडून लावून बघितलं, टाकीतलं पाणी प्यायली. खूश होती. मग तिला ती पेटी दिसली.

"किती तक्रारी आल्या?"

"एकही नाही," वेनिंग अभिमानानं म्हणाली.

बोदिलचा चेहरा पडला. एकही तक्रार नाही म्हणजे पेटी खोटी आहे, असं तिचं म्हणणं. दुपारी वेनिंग धावत आमच्याकडे ओसरीवर आली. "ताईंनो, मावश्यांनो, हात जोडते, तक्रार करा हो! एक तरी!"

आता मालकांची मुलगी हात जोडते म्हटल्यावर नाही कसं म्हणायचं? सगळ्याजणी विचारात पडल्या. सार्मी म्हणाली, "पंख्याचा वारा जरा जास्तच लागतो, पण छान लागतो." एकजण म्हणाली, "गादी फार मऊ आहे, झोप येते." दुसरी म्हणाली, "तू वाळलीस गं पोरी, हीच आमची तक्रार." वेनिंग रडायच्या बेताला आली. बोदिलनं एकेकीला बाजूला घेऊन विचारलं, तर तिथे आम्ही मनापासून सांगितलं, की देवाच्या दयेनं सगळं छान आहे. मीही तेच सांगितलं. मागे तुकिजो खोकत होता तरी.

संध्याकाळी ऑफिसात तिघं बसले. मावशीनं चहाचं तबक उचललं, मी गेब्लेकची ताटली घेऊन तिच्यामागे गेले. मला कोणी सांगितलं नव्हतं, पण ताटलीला दोन हात लागतातच.

बोदिल म्हणत होती, "कुंचोरो साहेब, अशी रिकामी पेटी मी दोन प्रकारच्या ठिकाणी बघितली आहे. एक, जिथे लोक घाबरतात. दुसरं, जिथे मालक चिठ्ठ्या काढून टाकतो."

"अगदीच रिकामी नव्हती," मालक कानापर्यंत लाल होत म्हणाले, "एक लग्नपत्रिका होती."

"तुमच्या माणसांना काही खुपतंय, हे तुम्हाला कळतं कसं?"

वेनिंग म्हणाली, "आम्ही एक समिती..." बोदिलनं तिला हातानं थांबवलं. ती मालकांकडेच बघत होती.

मालकांनी छताकडे बघितलं. "चहावरून," ते म्हणाले.

आणि त्यांनी सगळं सांगितलं. एक खडा, दोन खडे, झाकण, सार्मीचा सासरा. वेनिंग कपाळ धरून बसली. मला वाटलं बाई हसेल. ती हसली नाही. तिनं विचारलं, "आणि आता?"

"आता मला शुगर आहे. आता चहा रोजच कडू असतो," मालक म्हणाले, आणि आपणच काय बोललो ते ऐकून थांबले. "म्हणजे मधे काही दिवस चांगला गोड आला होता..."

"गोड?" वेनिंग उभीच राहिली. "बाबा!"

पण मालकांचं तिच्याकडे लक्ष नव्हतं. ते मावशीकडे वळले होते. "मावशी, तो गोड चहा... तो कशासाठी होता?"

"काही नाही मालक. सगळं छान आहे," मावशी म्हणाली. तोंडातून आपोआप निघालं ते.

मागून खोकल्याची उबळ ऐकू आली, लांबलचक. मालक ओशाळून बोदिलला म्हणाले, "सिगारेटी ओढतात पोरं."

मावशीनं तबक टेबलावर ठेवलं.

"त्यानं ईदपासून सिगारेटला हात लावलेला नाही," ती म्हणाली. "तो झोपत नाही मालक. आडवा झाला की जीव गुदमरतो त्याचा. रात्रभर भिंतीला टेकून बसतो आणि मी त्याच्याकडे बघत बसते. त्या धुरीच्या खोलीतून माझ्या पोराला बाहेर काढा."

आवाज काही मोठा नव्हता. पण मी जमिनीकडे बघितलं, वेनिंगनं भिंतीकडे बघितलं. इतक्या वर्षांत त्या ऑफिसात कोणी असं बोललं नव्हतं. मला मावशीची लाज वाटली, आणि लाज वाटली याचा रागही आला.

"मावशी," मालक म्हणाले, "हे मला आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं होतं. रोज सांगत होते," मावशी म्हणाली. "तुम्ही पिऊन टाकलंत."

मालक उठले ते सरळ धुरीच्या खोलीत गेले, तुकिजोला बाहेर काढलं आणि आतून दार ओढून घेतलं. बोदिल, वेनिंग, आम्ही सगळे अंगणात उभे. जरा वेळानं ते धडपडत बाहेर आले, डोळे लाल, नाकातून पाणी. बोलता येत नव्हतं. त्यांनी बाहेरून कडी लावली आणि तक्रारपेटीचं कुलूप काढून आणून त्या कडीला घातलं.

बोदिलनं आम्हाला नापास केलं नाही आणि पासही केलं नाही. धुरी बंद करा, मग बोलू, म्हणाली. वेनिंगनं तिला त्या बुरशीच्या निरोपाची आठवण करून दिली, तेव्हा ती म्हणाली, बुरशीचा विभाग वेगळा आहे. यावर वेनिंगनं तिला जे ऐकवलं ते इतकं तोंडावर होतं, की मी मनात म्हटलं, ही पोरगी मावशीच्याच चुलीपाशी वाढली आहे. पण वेनिंग नुसती बोलून थांबली नाही. तिनं पत्र्याचं छप्पर घालून, खाली गरम हवा खेळती ठेवून माल सुकवायची खोली बांधून घेतली. त्यात वेळ गेला, पुढचा कंटेनर अर्धाच गेला, जास्तीचं काम बुडालं म्हणून आमच्यातल्याच काहीजणी मावशीशी चार दिवस धड बोलल्या नाहीत. तुकिजोला वेनिंग स्वतः वातेसच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेली. छातीचे डॉक्टर म्हणाले, वेळेवर आलात. खोकला पुष्कळ दिवस रेंगाळला. आता तो माल चढवायच्या कामावर असतो आणि आडवा होऊन घोरतो. मावशी म्हणते घोरण्यानं तिला झोप येत नाही. म्हणताना हसते.

पण खरी पंचाईत पुढेच झाली. एकदा उघडलेलं मावशीचं तोंड काही मिटेना. रोज सकाळी पेला ठेवला की ती मालकांसमोर उभी. शेगडीची नळी जुनी झाली. रंगाच्या पोरीला सातवा महिना लागलाय, तिला वाकायचं काम देऊ नका. तुमचा हा सदरा फाटलाय, मालकीणबाई असत्या तर घालू दिला नसता. वेनिंगचं लग्न कधी करताय. मालक 'हो, हो' म्हणायचे आणि वेनिंग शेजारी बसून लिहून घ्यायची, कारण बोदिलला दाखवायला तिला आता तक्रारी हव्याच होत्या. मावशीच्या एकटीच्या तक्रारींवर डेन्मार्क खूश झालं.

एके दिवशी मालक हात जोडून म्हणाले, "मावशी, पूर्वीचं बरं होतं हो. तुम्ही नुसता चहा कडू करायचात."

मावशीनं पेल्यावर झाकण ठेवलं. "पूर्वी तुम्ही बघायला उठायचात, मालक. कुठे दुखतंय ते माहीत नसायचं म्हणून सगळीकडे बघायचात. आता मी बोलते, तुम्ही बसल्या जागी हो म्हणता, ही लिहून घेते. झालं तुमचं काम."

वेनिंगचा हात लिहिता लिहिता थांबला. मालकांनी पेला बाजूला सरकवला. मग टेबलाखाली पायानं चपला चाचपायला लागले. एक सापडेना, ती वेनिंगनं वाकून काढून दिली, आणि दोघं बाप-लेक ओसरीवर आले.

कोणालाच काही न विचारता ते सगळ्या कारखान्यातून हिंडले. पंख्याखाली उभे राहिले, टाकीत डोकावले, सार्मीपाशी आले आणि मालक एकदम उकिडवे बसले. सार्मीच्या गादीखालच्या चौरंगाचा एक पाय तुटला होता. त्याखाली तिनं वीट लावली होती आणि त्या कलत्या चौरंगावर बसून ती कधीपासून विणत होती कोण जाणे. तिनं ते कोणालाच सांगितलं नव्हतं.